ऑनलाइन संगीत-दुकानांचे व्याकरण

१. प्रश्नाचे स्वरूप

कोणत्याही दुकानाची वापरसुलभता मोजावयाची झाल्यास सामान्यतः हिशेब होतो तो श्रमाचा : कळ किती वेळा दाबावी लागते, पान किती लवकर उघडते, पैसे चुकते करण्यापूर्वी किती पायऱ्या चढाव्या लागतात. संगीताचे डाउनलोड विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांनाही हे माप लावता येते, आणि ते निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि या दुकानांच्या बाबतीत ते अपुरे पडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कापडाच्या दुकानात ग्राहक ठाण हाताळून पाहतो. ग्रंथालयात कपाटासमोर उभे राहून धुंडाळीत असता न शोधलेले पुस्तकही हाती लागते. ध्वनीला रंग नाही, स्पर्श नाही. ऑनलाइन दुकानात ग्राहकासमोर येते ते ध्वनीचे नाव, आणि नावापाठोपाठ, मिळालाच तर, ध्वनीचा एखादा तुकडा. ज्या ध्वनिमुद्रणाचे नाव नीट नोंदले गेले नाही, ते भांडारात असूनही ग्राहकाच्या दृष्टीने नसल्यातच जमा असते. सारांश, अशा दुकानाची सोय प्रथम त्याच्या नामव्यवस्थेत असते आणि मग त्याच्या बटनांत. भाषाभ्यासकाने या विषयाकडे वळावे याचे कारण हेच.

येथे मुख्यतः पाच दुकानांचा विचार केला आहे : ईम्युझिक (१९९८), आयट्यून्स म्युझिक स्टोअर (२००३), बीटपोर्ट (२००४), ॲमेझॉन एमपी३ (२००७) आणि बँडकॅम्प (२००८). प्रत्येकास तीन प्रश्न विचारावयाचे आहेत. हे दुकान ‘एक वस्तू’ कशास मानते? त्या वस्तूची कोणती लक्षणे नोंदविते? आणि ‘विकत घेणे’ या क्रियेला कोणता अर्थ देते? व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर नाम, विशेषण आणि क्रियापद यांचा हा विचार होय. कसोटी म्हणून हिंदुस्थानी ख्यालगायनाची ध्वनिमुद्रणे घेतली आहेत. ही पाचही दुकाने पाश्चात्त्य लोकप्रिय गीताच्या भोवती उभी राहिली. तेव्हा त्या गीताची सोय तेथे असणारच. एखाद्या व्यवस्थेची खरी परीक्षा, तिच्या कर्त्यांनी जे गृहीत धरले नव्हते ते तिच्यापुढे आले असता होते.

२. एका वाक्याचे यश

प्रथम या व्यवस्थेचे श्रेय तिला दिले पाहिजे. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेतील मोठ्या ध्वनिमुद्रण-कंपन्यांनी प्रेसप्ले व म्युझिकनेट या दोन सेवा सुरू केल्या. पहिलीच्या पाठीशी सोनी व युनिव्हर्सल या कंपन्या होत्या, तर दुसरीच्या पाठीशी वॉर्नर, बीएमजी व ईएमआय. परिणामी भांडाराची विभागणी कंपन्यांनुसार झाली. रसिकाला गायक ठाऊक असतो, गीत ठाऊक असते. तबकडी कोणत्या कंपनीची हे क्वचितच ठाऊक असते. गीत शोधण्यापूर्वी त्याच्या मालकाचे नाव ओळखण्याची सक्ती करणारी ही रचना होती. शिवाय म्युझिकनेटवरून घेतलेली गीते मुदत संपताच मुकी होत. या सेवांतील दोष तांत्रिक कौशल्याचा नव्हता. ग्राहक ज्या नावाने वस्तूस ओळखतो त्या नावाने ती मांडली नव्हती, हा होता.

ॲपल कंपनीने २८ एप्रिल २००३ रोजी आयट्यून्स म्युझिक स्टोअर उघडले तेव्हा त्यात सुमारे २ लाख गीते होती, ती पाचही मोठ्या कंपन्यांची होती आणि प्रत्येकाची किंमत ९९ सेंट होती. पहिल्या आठवड्यात १० लाख गीते विकली गेली. या यशाचे मूळ दुकानाच्या वाक्यरचनेत आहे. ‘अमक्याचे अमके गीत, ९९ सेंट, घ्या’, एवढे एकच वाक्य ग्राहकास शिकावे लागे, आणि ते सर्व गीतांस सारखेच लागू पडे. दुकान, घरचा संग्रह आणि खिशातील आयपॉड ही तिन्ही एकाच आज्ञावलीत गुंफलेली असल्यामुळे घेतलेले गीत आपल्या नावानिशी थेट संग्रहात जाऊन बसे. याउलट २५ सप्टेंबर २००७ रोजी उघडलेल्या ॲमेझॉनच्या दुकानाची मांडणी पुस्तकाच्या पानावरून उचललेली होती : अभिप्राय, तारे, ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतले’ अशा शिफारशी. तेथे सुटे गीत सरळ उतरवून घेता येई, पण पूर्ण अल्बमासाठी एक वेगळी मदतनीस आज्ञावली बसवावी लागे. श्रमाच्या मापाने आयट्यून्स वरचढ होते, यात संशय नाही. पण या सुटसुटीत वाक्यातील ‘गीत’ हे पद कोणत्या वस्तूंना लागू पडते आणि कोणत्या वस्तूंना पडत नाही, येथून खरा प्रश्न सुरू होतो.

३. नाम : एक वस्तू म्हणजे काय?

गीत हे एकक निसर्गदत्त नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपास ध्वनी मावत असे. त्या मर्यादेतून तीन मिनिटांचे गीत हे बाजाराचे नाणे बनले. १९४८ साली लाँग प्ले तबकडी आली, १९८२ साली सीडी आली, आणि दीर्घ ध्वनिमुद्रणाला जागा मिळाली. डाउनलोडच्या दुकानाला तर जागेची कोणतीच भौतिक मर्यादा नव्हती. तरीही आयट्यून्सने आपले एकक जुन्या तबकडीकडूनच घेतले. त्याचा परिणाम असा, की दहा मिनिटांहून दीर्घ ट्रॅक प्रायः सुटा न विकता केवळ अल्बमासह विकण्याचा रिवाज तेथे पडला. ९९ सेंटांच्या नाण्यात न बसणाऱ्या वस्तूला दुकानाने स्वतंत्र नाम देण्याचेच नाकारले.

ख्यालाच्या दृष्टीने हे लक्षणीय आहे. विलंबित ख्याल २५ किंवा ४० मिनिटे चालतो. त्यास जोडून द्रुत बंदिश येते. ध्वनिमुद्रणात कधी दोन्हींचा एकच ट्रॅक असतो, कधी दोन, कधी आलापाचा आणखी एक. यांपैकी ‘एक वस्तू’ कोणती? गायकाच्या दृष्टीने रागाची मांडणी ही एक वस्तू. बंदिशींच्या अभ्यासकास प्रत्येक बंदिश स्वतंत्र. दुकानास मात्र फाइल जेथे संपते तेथे वस्तू संपते. अशा रीतीने वाक्यातील पद कोठे तोडावे हे बोलणाऱ्याने न ठरविता कागदाच्या रुंदीने ठरविले, तर जे होईल ते येथे झाले आहे.

ईम्युझिकने हेच एकक घेऊन वेगळे गणित मांडले. वर्गणीदारास दरमहा ठराविक संख्येचे ट्रॅक मिळत आणि न वापरलेले बाद होत. लांबी पाहिली जात नसे. त्यामुळे २५ मिनिटांचा राग आणि अर्ध्या मिनिटाचा गोंगाट यांची किंमत एकच पडे. जॅझ, पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि आपले रागसंगीत यांच्या रसिकांना हे दुकान स्वस्त वाटे, त्याचे कारण उदारता नसून एककाची स्थूलता होती. २००९ साली सोनीचे भांडार तेथे दाखल झाले, दर वाढले आणि अनेक अल्बमांना १२ ट्रॅकांएवढी ठोक किंमत लागू झाली. मग ज्या अल्बमात तीनच दीर्घ ट्रॅक असत, त्यासही बारांचे मोल पडू शके. एकाच एककाने पूर्वी दीर्घ रचनेस लाभ दिला आणि नंतर तोच हिरावून घेतला. दोन्ही वेळा त्या रचनेचे स्वरूप कोणी विचारात घेतले नव्हते.

पूर्वश्रवणाच्या नमुन्यातही हीच गोष्ट दिसते. आयट्यून्सवरील नमुना प्रारंभी ३० सेकंदांचा होता. डिसेंबर २०१० मध्ये अडीच मिनिटांहून दीर्घ गीतांसाठी तो ९० सेकंदांचा करण्यात आला. तीन मिनिटांच्या गीतात ३० सेकंद म्हणजे सहावा हिस्सा. तेवढ्यात ध्रुवपद कानी पडते आणि निवड करता येते. अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तन पाऊण मिनिटाहून अधिक काळ घेऊ शकते. म्हणजे ३० सेकंदांच्या नमुन्यात समेपासून समेपर्यंतचा प्रवासही पुरा होत नाही, आणि नमुना आरंभीचा असल्यास तानपुऱ्याचे स्वर आणि पहिला षड्ज यांपलीकडे काही हाती लागत नाही. बँडकॅम्पवर विक्रीस ठेवलेला ट्रॅक खरेदीपूर्वी संपूर्ण ऐकविण्याची प्रथा आहे. दीर्घ रचनेची परीक्षा करण्यास तेथेच वाव मिळतो, हे मान्य केले पाहिजे.

४. विशेषण : कोणती लक्षणे नोंदवावीत?

दुकानांच्या नोंदींचे बीज त्यांच्याही आधीचे आहे. १९९६ साली एरिक केम्प यांनी एमपी३ फाइलच्या शेवटी माहिती जोडण्याची आयडी३ ही पद्धत काढली. तीत सर्व मिळून १२८ बाइटांची जागा होती : ओळखखुणेसाठी ३, शीर्षक, कलावंत आणि अल्बम यांना प्रत्येकी ३०, वर्षाला ४, टिपणीला ३० आणि संगीतप्रकाराला १. अल्प जागेत मोठे काम साधणारी ही युक्ती होती. पण तिच्यात एक संपूर्ण संगीतविचार दडलेला आहे. रोमन लिपीत ‘राग अहिर भैरव’ आणि ‘विलंबित’ हे शब्द मधल्या आडव्या रेघेसह लिहिले की २८ जागा संपतात. तालाचे नाव मावत नाही. प्रकारासाठी एकच बाइट असल्याने एका ध्वनिमुद्रणास एकच प्रकार मिळे, आणि मूळ यादीत असे ८० प्रकार होते. त्या यादीत टेक्नो, यूरो-टेक्नो आणि टेक्नो-इंडस्ट्रियल असे सूक्ष्म भेद आहेत, गमतीच्या फसवणुकींनाही स्वतंत्र क्रमांक आहे. अभिजात संगीताला मात्र एकच क्रमांक, आणि युरोप-अमेरिकेबाहेरच्या जगाला ४८ व्या क्रमांकावरील ‘एथ्निक’ हे एक गाठोडे. भाषेत ज्या गोष्टींशी नित्याचा संबंध असतो त्यांना बारीक भेदांचे शब्द असतात आणि दूरच्या गोष्टी एका शब्दात गुंडाळल्या जातात, हे आपण जाणतोच. त्यात निंद्य काही नाही. परंतु एका समूहाची बोली साऱ्या जगाची प्रमाणभाषा म्हणून रूढ झाली, की तिची मर्यादा इतरांना भोगावी लागते.

१९९८ साली या पद्धतीची दुसरी आवृत्ती आली. तीत जागेचा प्रश्न सुटला आणि रचनाकार, वाद्यवृंद-संचालक, गीतकार यांना रकाने मिळाले. तथापि दुकानांनी ग्राहकासमोर प्रामुख्याने ठेवले ते शीर्षक, कलावंत आणि अल्बम हे त्रिकूटच. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या रसिकांना त्याचा जाच आधीपासून होताच. बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीचा ‘कलावंत’ कोण? रचनाकार, संचालक, वाद्यवृंद की गायक? आयट्यून्समध्ये कृती आणि तिचा खंड यांसाठी स्वतंत्र रकाने येण्यास २०१६ साल उजाडावे लागले. त्याच ॲपलने २०२१ साली प्रायमफोनिक ही सेवा विकत घेऊन मार्च २०२३ मध्ये अभिजात संगीताच्या श्रवणासाठी वेगळेच ॲप काढले, याचा अर्थ स्पष्ट आहे : जुन्या व्याकरणात अपवाद वाढवीत जाण्यापेक्षा नवे व्याकरण लिहिणे सोपे ठरले. इंग्लंडमधील लेमिंग्टन स्पा येथील प्रेस्टो या दुकानात रचनाकाराकडून कृतीकडे आणि कृतीकडून तिच्या निरनिराळ्या ध्वनिमुद्रणांकडे जाता येते. ग्रंथालयशास्त्रात कृती, तिचा आविष्कार आणि तिची प्रकाशित प्रत यांतील भेद १९९८ च्या आंतरराष्ट्रीय अहवालाने रूढ केला; येथे त्याच भेदाचे व्यावहारिक रूप दिसते.

या पाच दुकानांत विशेषणांचा सर्वांत काटेकोर विचार बीटपोर्टने केला आहे. अमेरिकेतील डेन्व्हर येथे निघालेले हे दुकान नृत्यसंगीत वाजविणाऱ्या डीजेंसाठी आहे. दोन ट्रॅक एकात एक मिसळावयाचे, तर त्यांची गती आणि स्वराधार जुळावे लागतात. म्हणून तेथे प्रत्येक नोंदीत दर मिनिटाचे ठोके, स्वराधार, लांबी, प्रकाशनसंस्था आणि मूळ रचनेचे कोणते रूपांतर हे दिलेले असते. सामान्य ग्राहकास हे पान रुक्ष वाटेल. ज्याच्यासाठी ते आहे, त्यास त्याच्या व्यवसायाच्या भाषेत उत्तर मिळते. रकाने अधिक असल्याने दुकान अवघड होते, ही समजूत बीटपोर्टच्या उदाहरणाने खोटी ठरते. अवघडपणा येतो तो अनोळखी रकान्यांमुळे. राग, ताल आणि लय हे रकाने ख्यालाच्या श्रोत्यास ठोक्यांच्या संख्येइतकेच स्वाभाविक आहेत.

बँडकॅम्पने उलट टोक गाठले. तेथे कलावंत स्वतःचे पान रचतो, वर्णन लिहितो, श्रेयनामावली देतो आणि ओळखशब्द स्वतःच जोडतो. तबल्याची आणि संवादिनीची साथ कोणाची, ध्वनिमुद्रण कोठल्या मैफलीचे, हे सारे तेथे लिहिता येते. पण येते ते मोकळ्या गद्यात. जो लिहील त्याचे लिहिले जाते. जो लिहिणार नाही त्यास कोणी विचारीत नाही. आणि गद्यात लिहिलेली माहिती वाचकास कळली, तरी तिच्या आधारे ‘मारव्याची सारी ध्वनिमुद्रणे दाखवा’ अशी मागणी विश्वासाने करता येत नाही. शब्दसंग्रह विपुल, पण विभक्तिप्रत्यय नाहीत, अशी ही भाषा आहे.

मुळात प्रश्न एका खणाचा आहे. एका वस्तूस एकच खण दिला की भांडण अटळ होते. शियाळी रामामृत रंगनाथन् यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात यावर उत्तर आहे. विषयास एका खणात न कोंबता त्याचे निरनिराळे पैलू वेगळे नोंदवावेत आणि वाचकास कोणत्याही पैलूकडून प्रवेश करू द्यावा, हे त्यांचे तत्त्व. कार्डांच्या पेट्यांच्या काळात हे तत्त्व कष्टाचे होते. संगणकावर ते सहज आहे. म्हणूनच संगणकावरील दुकानांनी एका बाइटाच्या खणातून आरंभ करावा, हे अधिकच खटकते.

५. नावाची लिपी आणि नावाचा प्रवास

रकाने योग्य असले तरी त्यांत काय लिहावयाचे हा प्रश्न उरतोच. आपली नावे या दुकानांत रोमन लिपीत, आणि तीही उच्चारदर्शक खुणांवाचून, लिहिली जातात. त-ट, द-ड, न-ण, ल-ळ हे भेद तेथे मावळतात. ‘बाळ’ आणि ‘बाल’, ‘कमल’ आणि ‘कमाल’ एकरूप होऊ शकतात. दुसरीकडे एकाच नावाची अनेक रूपे होतात. ‘भूप’ कोणी दोन ‘ओ’ घालून लिहितो, कोणी एक ‘यू’ घालून. ‘यमन’, ‘इमन’ आणि ‘एमन’ हे तीन राग असल्यासारखे वेगळे नोंदले जातात. ‘राग’ हा शब्दच तीन तऱ्हांनी लिहिला जातो आणि शीर्षकाच्या आरंभी आल्यामुळे सारी यादी ‘आर’ या अक्षराखाली जमा होते. कलावंताच्या नावामागे ‘पंडित’ पूर्ण, ‘पं.’ संक्षिप्त किंवा काहीच नाही, एवढ्या भेदाने एकाच गायकाचे तीन गायक होतात. ज्या शोधयंत्राला आदरार्थी उपपद आणि विशेषनाम यांतील फरक शिकविलेला नाही, त्याकडून दुसरे काय अपेक्षावे? वेगळ्या गोष्टी एक होणे आणि एक गोष्ट अनेक होणे, हे दोन्ही दोष एकत्र आले म्हणजे नाव आपले कामच करीत नाही.

आपल्या परंपरेने नावाच्या प्रवासाची चिंता वेगळ्या रीतीने वाहिली होती. अभंगाच्या अखेरच्या चरणात कवीची नाममुद्रा असते. बंदिशीत सदारंगासारखा रचनाकार आपले टोपणनाव गुंफतो. नाव रचनेच्या आतच असल्यामुळे रचना जेथे जाते तेथे ते जाते. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास फ्रेड गेसबर्ग यांच्यापुढे गाताना गौहरजान यांनी गाण्याच्या अखेरीस आपले नाव उच्चारून ठेवले. हॅनोव्हरच्या कारखान्यात तबकडीवर चिठ्ठी लावणाऱ्यांना गायिका ओळखता यावी, हा त्याचा उपयोग होता. फाइलच्या पोटात माहिती जोडण्याची आयडी३ची कल्पना मूलतः याच जातीची आहे, आणि ती उत्तम आहे. पण पोटात कोणाचे नाव घालावे हे कोण ठरवितो? मे २००७ मध्ये आयट्यूनने कुलूपविरहित फाइली विकण्यास आरंभ केला, तेव्हा त्या फाइलींत खरेदीदाराचे नाव आणि खात्याचा ईमेल पत्ता नोंदलेला असल्याचे उघड झाले. म्हणजे ध्वनिमुद्रणात पाऊण तास वाजविणाऱ्या तबलावादकासाठी नेमका रकाना नाही, म्हणून त्याचे नाव बहुधा गळते. ज्याने ते विकत घेतले त्याचे मात्र न चुकता लिहिले जाते. नामव्यवस्था कोणाच्या गरजेतून घडते, याचे याहून बोलके उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही.

६. क्रियापद : ‘घेणे’ म्हणजे काय?

मराठीत ‘घेणे’ हे क्रियापद एकटे पुरेसे नसते. विकत घेणे, भाड्याने घेणे, उसने घेणे, मागून घेणे : वस्तूशी जडणारे नाते त्याच्या मागचा शब्द सांगतो. दुकानांच्या बटनावर ‘विकत घ्या’ या अर्थाचा इंग्रजी शब्द होता. नाते मात्र प्रत्येक वेळी तेच नव्हते. आयट्यून्सवरील फाइलींना आरंभी कुलूप होते. एप्रिल २००४ मध्ये ॲपलने एका खात्यावरील संगणकांची मर्यादा ३ वरून ५ वर नेली, आणि एकच यादी सीडीवर उतरविण्याची मर्यादा १० वरून ७ वर आणली. हा बदल विक्रेत्याने एकतर्फी केला. ज्या वस्तूच्या वापराचे नियम विक्रीनंतर विक्रेता बदलू शकतो, तिच्याबाबत ‘विकत’ हे क्रियाविशेषण योग्य म्हणता येईल काय?

मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन म्युझिक या दुकानाने याचे उत्तर दिले. २००६ साली विक्री थांबल्यावर एप्रिल २००८ मध्ये ग्राहकांना कळविण्यात आले, की ३१ ऑगस्ट २००८ नंतर नव्या संगणकासाठी कुलपाच्या किल्ल्या मिळणार नाहीत. निषेध झाला, तेव्हा मुदत २०११ अखेरपर्यंत वाढविण्यात आली. याहूच्या दुकानानेही २००८ साली अशीच सूचना काढली. तुलनेने ॲमेझॉनचे दुकान पहिल्या दिवसापासून कुलूपविरहित होते, आणि जानेवारी २००८ मध्ये चारही मोठ्या कंपन्यांनी तेथे तशाच फाइली देण्याचे मान्य केले. ॲपलने सर्व भांडार मुक्त करण्याची घोषणा जानेवारी २००९ मध्ये केली. पडद्यावरील मांडणीत मागे असलेले ॲमेझॉन क्रियापदाच्या प्रामाणिकपणात पुढे होते. भारतात फ्लिपकार्टचे फ्लाइट हे दुकान फेब्रुवारी २०१२ मध्ये उघडले आणि १७ जून २०१३ रोजी बंद झाले. पण त्याच्या एमपी३ फाइलींना कुलूप नव्हते, म्हणून ज्यांनी त्या उतरवून घेतल्या त्यांच्याकडे त्या राहिल्या. दुकानाचे मरण आणि वस्तूचे मरण यांत अंतर ठेवणे, ही वापरसुलभतेची शेवटची कसोटी मानली पाहिजे.

हा शब्दच्छल नव्हे, हे कायद्यानेही मान्य केले आहे. कॅलिफोर्नियात सप्टेंबर २०२४ मध्ये संमत झालेल्या आणि १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या कायद्यानुसार, केवळ वापराचा परवाना मिळत असताना विक्रेत्याने तसे स्पष्ट न सांगता ‘विकत घ्या’ असा शब्द वापरणे निषिद्ध आहे. कायम उतरवून ठेवता येणाऱ्या वस्तूंना त्यातून सूट आहे. एका क्रियापदाच्या अर्थासाठी विधिमंडळास लेखणी उचलावी लागली, ही घटना भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी टिपून ठेवण्याजोगी आहे.

७. निष्कर्ष

पाच दुकानांची प्रतवारी करावयाची झाल्यास ती एका ओळीत लावता येणार नाही. परिचित गीत झटपट मिळविण्यास आयट्यून्सची रचना सर्वांत निर्दोष होती. घेतलेली वस्तू खऱ्या अर्थाने आपली करण्याचा मार्ग मोठ्या कंपन्यांच्या भांडारासाठी ॲमेझॉनने लवकर मोकळा केला. बीटपोर्टने आपल्या ग्राहकाची परिभाषा जाणली. बँडकॅम्पने कलावंतास लेखणी दिली आणि श्रोत्यास पूर्ण श्रवण. ईम्युझिकने, हेतू नसताना, दीर्घ रचनेस काही काळ आश्रय दिला. ख्यालाचा श्रोता मात्र यांपैकी प्रत्येक ठिकाणी परक्या भाषेत बोलत असतो. बँडकॅम्प त्यास सर्वांत जवळचे, कारण तेथे त्याची माहिती निदान लिहिता येते. परंतु ती शोधता येण्यासाठी बीटपोर्टसारखे नेमके रकाने हवेत. या दोहोंचा संयोग अशक्य आहे असे मानण्यास कोणतेही तांत्रिक कारण नाही.

डाउनलोडच्या दुकानांचा बहर ओसरला आहे. गुगलचे संगीत-दुकान २०२० साली बंद झाले; बँडकॅम्पची मालकी २०२२ व २०२३ अशा दोन वर्षांत दोनदा बदलली. तेव्हा हा विचार शिळा आहे, असे कोणी म्हणेल. परंतु दुकाने मिटली तरी त्यांतील नावे मिटत नाहीत. शीर्षक, कलावंत आणि अल्बम हे त्रिकूट श्रवणसेवांनी वारशाने घेतले, आणि एकदा चुकीचे नोंदलेले नाव पुढील प्रत्येक यादीत उतरत जाते. आपला विद्यार्थी आज राग ऐकतो तो याच यादीतून. जे त्यास शोधून सापडत नाही, ते त्याच्या अभ्यासात येत नाही. आणि एका पिढीच्या अभ्यासात न आलेले गाणे पुढच्या पिढीस शिकविणार कोण?

म्हणून हे काम दुकानदारांवर सोडून चालणार नाही. गायक वा वादक, राग, ताल व लय, बंदिशीचे आरंभीचे शब्द, बंदिशकार, साथीदार, मैफल की ध्वनिमुद्रणालय, स्थळ व वर्ष : एवढे रकाने ख्यालाच्या नोंदीस पुरेसे व्हावेत. त्यांत लिहावयाच्या प्रत्येक नावाचे एक प्रमाण देवनागरी रूप ठरवून त्याखाली प्रचलित रोमन रूपे जोडणारी नामसूची तयार केली पाहिजे. ग्रंथालये लेखकांच्या नावांसाठी अशा सूच्या फार पूर्वीपासून ठेवीत आली आहेत. विद्यापीठांतील संगीत व भाषा या विभागांनी आपल्या स्वतःच्या ध्वनिसंग्रहापासून आरंभ केला, तर रागांच्या नावांची सूची पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांच्या एका वर्षाच्या श्रमात पुरी होण्यासारखी आहे.